मी मान टाकली नव्हती

मित्रांनो, मी एक जुनी डर्ट बाईक आहे. 'जुनी' हे मी स्वतः म्हणते. दुसऱ्या कोणी म्हटलेले मला खपत नाही. गुळगुळीत डांबरी रस्ता माझा नव्हे. खड्डे, चढ, चिखल आणि सैल दगड हे माझे. त्यासाठीच तर कारखान्यात मला अशी उंच आणि काटक घडवली.

मला घरी आणले ते ताईने. ती अंगाने अगदी काडी, पण टेकडीवरच्या शर्यतीत भल्याभल्यांना धूळ चारायची. शर्यत संपली की माझ्या पुढच्या शॉकअपच्या नळ्या मऊ फडक्याने पुसायची आणि म्हणायची, "राणी, जिंकलो गं आपण!" त्या दिवसांत माझा रुबाब काही औरच होता.

पुढे ताईला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि मी तिच्या धाकट्या भावाकडे आले. भाऊ प्रेमळ, पण चांगलाच आडदांड. त्याने ब्रेक दाबला की माझे नाक थेट जमिनीकडे जाई. खड्डा आला की पुढून 'खण्ण' असा आवाज येई. "म्हातारी झाली ही," तो चारचौघांत म्हणू लागला. मला ते फार लागले.

मेकॅनिककाकांनी शॉकअपमधले काळे पडलेले तेल काढून नवे भरले. गळके ऑइल सील बदलले. नळ्या वाकल्यात का, तेही पाहिले. तरी माझे नाक खालीच. मग भावाने स्वतःचे डोके चालवून आणखी तेल ओतले, तर नवे सीलही पाझरू लागले! शेवटी वैतागून त्याने मला सुटे भाग विकणाऱ्याला देऊन टाकायचे ठरवले. इंजिन एकाकडे, चाके दुसऱ्याकडे!

टेम्पो रविवारी येणार होता. आदल्या दिवशी सकाळी ताई मला निरोप द्यायला आली. मला अंगणात काढायला भाऊ माझ्यावर बसला, तशी ती ओरडली, "थांब, हलू नकोस!" आणि खाली वाकून तिने नळीला वीत लावली. "अरे, नुसता बसलास तर अर्धी खाली गेली ही!"

"म्हणूनच तर विकतोय."

"काही बिघडलं नाहीये हिचं, गाढवा. आतल्या स्प्रिंगा माझ्या वजनाच्या आहेत. कंपनीच्या मला कडक पडायच्या, म्हणून मीच मऊ घालून घेतल्या होत्या. आणि तू म्हणजे माझ्या दुप्पट!"

"मग सांगायचं नाही का?"

"विचारलंस कधी? परस्पर भंगारात काढलीस."

ताईने माळ्यावरून एक लांबट पुडके काढले. माझ्या मूळच्या स्प्रिंगा तिने तेलकट कापडात गुंडाळून जपल्या होत्या. गंजाचा ठिपकाही नव्हता. मेकॅनिककाकांनी त्या दुपारीच बसवल्या, सील पुन्हा बदलले आणि तेल बेताचे भरले. भावाने मला टेकडीच्या उतारावर सुसाट सोडले आणि ब्रेक दाबला. माझे नाक ताठ! दुसऱ्या दिवशी टेम्पो आला तसा रिकामा परत गेला.

जाताना ताई माझ्यावर बसली. मी जेमतेम खाली दबले. "आता माझी नाही राहिलीस गं तू," ती हसत म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. एखादी जुनी वस्तू वाकली, तर लगेच तिला म्हातारी ठरवू नका. तेल बघा, सील बघा, आणि ती आजवर कोणासाठी राबत होती तेही विचारा. मी मान टाकली नव्हती. मी अजून ताईलाच पेलत होते.