राक्षसिणीचा अध्याय

काशीबाईंचं बोट पोथीच्या ओळीवर अडकलं, ते पुढे सरकेना.

"काय झाला? येष्टी चुकतली, मावशे," अंगणातून परशुराम म्हणाला. बहिणीला, काशीबाईंच्या सुनेला शेवंतीला, कायमची माहेरी न्यायला तो आला होता. निरोप काशीबाईंनीच धाडला होता. चार वर्षांत सुनेची कूस उजवली नाही. मुलासाठी दुसरी सोयरीक ठरवून त्या मोकळ्या झाल्या होत्या.

"चुकली तर चुकली. अध्याय अर्धो सोडूचो नसता, ठावक नाय तुका?"

जीभ नेहमीसारखीच धारेची. बोट मात्र तिथेच.

श्रावण लागला तेव्हा दाजी भटजी सांगून गेले होते, "काशीबाय, नुसती अक्षरां ढकलू नको. डोळे मिटून बघ. तळा, राक्षसीण, तान्हेली माणसां, सगळी आपल्याच आत आसतत. एकेकाच्या जाग्यार बसून बघ."

"माझ्या आत राक्षसीण? तुझ्या पोटात बघ आधी, पाच माणसांची खीर दिसात!" असं म्हणून त्यांनी भटजींची बोळवण केली होती.

दीड यत्ता शिकलेल्या बाईला दर ओळीला दम घ्यावा लागे. आज दम घेताना डोळे मिटले आणि तळं दिसलं. काठावर राक्षसीण, कोणाला ओंजळभर पाणी घेऊ न देणारी. सून घरात आल्यापासून वाचताना तिला शेवंतीचं तोंड असे. आज ती वळली, तर नाकात काशीबाईंचीच नथ. समोर ओठ सुकलेली शेवंती, हातात गाठोडं.

पुढच्या ओळीत राक्षसिणीचं मुंडकं उडायचं होतं. ती ओळ काशीबाई दर श्रावणात चढ्या आवाजात वाचत. आज त्यांना ती वाचवेना. आणि वाचल्याशिवाय उठताही येईना.

"शेवंती, हय ये. पुढचा तू वाच."

शेवंती दारातच थबकली. तिने पोथीला शिवलेलं सासूला आजवर खपलं नव्हतं. गाठोडं खाली ठेवून ती बसली, वाचू लागली. ती ओळ आली. काशीबाईंनी पदर मुठीत धरला, मान खाली घातली. शेवंतीने ती ओळ हळू वाचली, दुखणाइताजवळ बोलावं तशी. मग तळं सगळ्यांना मोकळं झालं, अध्याय संपला.

परशुराम उठला. "चल गो."

"थांब," काशीबाई म्हणाल्या. "ती सोयरीक मी मोडतंय. पण रवाचा काय जावचा, ता माका इचारू नको. तिका इचार."

सुनेकडे बघायची त्यांची छाती होईना.

शेवंतीने पोथी फडक्यात गुंडाळली, गाठ मारली.

"दादा, तू जा," ती म्हणाली. "उद्याचो अध्याय मोठो आसा. त्यांका एकट्यांका झेपाचो नाय."