बाईंच्या हनुवटीवरचा स्कार्फ

मी एक स्कार्फ. निळा, सुती, एका कडेला थोडा उसवलेला. माझी उमेदीची वर्षं बाईंच्या हनुवटीवर गेली.

बाई शिक्षिका आहेत. उतारवयात ज्यांचं ऐकू येणं गेलं, त्यांना त्या ओठ वाचून बोलणं समजून घ्यायला शिकवतात. छत्तिसाव्या वर्षी त्यांच्या हनुवटीवर लाल, दुखरे फोड आले आणि जायचं नाव घेईनात.

"या वयात मुरुमं? पोट साफ नसेल," आत्या म्हणाली. नणंदेने आपलं उरलेलं क्रीम दिलं. बाईंनी लिंबू चोळलं, दिवसातून पाचदा साबण लावला. आगीतून फुफाट्यात! मग मला नाकापर्यंत ओढलं, आधी रस्त्यात, नंतर वर्गातही. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटायचा. त्यांची लाज मी राखत होतो ना.

एके दिवशी पहिल्या बाकावरचे आजोबा उठले. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस.

"बाई, तीन आठवडे मी नुसती मान हलवतोय. तुमचे ओठच दिसत नाहीत. मला नातीचं बोलणं कळायला हवंय."

बाईंनी मला खाली केलं. आजोबांनी चेहरा निरखून पाहिला, मग सगळ्यांना ओठ दिसावेत म्हणून वर्गाकडे वळले. "एवढंच होय? मला वाटलं, दात पडले."

वर्ग हसला. सगळ्यात उशिरा बाई हसल्या, पण हसल्या.

त्याच आठवड्यात त्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्या. "मोठ्यांनाही होतात. तुमची चूक नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पाळी नियमित आहे का, मूल हवंय का (काही औषधं गरोदरपणी चालत नाहीत), सगळं विचारलं. नणंदेचं क्रीम बंद. सौम्य साबणाने दोनदाच धुवायचं, फोड फोडायचे नाहीत, रात्री वाटाण्याएवढं औषध लावायचं. "तीन महिने धीर धरा. आणि हा स्कार्फ घासतो, घाम धरतो. हनुवटीवर नको."

मी चुरगळूनच गेलो. ज्यांना जपत होतो, त्यांनाच बोचत होतो.

पहिल्या महिन्यात कातडी सोलवटली. बाई वैतागून औषध फेकायला निघाल्या, पण आधी फोन केला. "एक दिवसाआड लावा," उत्तर आलं. चौथ्या महिन्यात फोड मोजकेच उरले. डाग आहेत, विरतील सावकाश. आजोबांना नातीचे विनोद कळतात. न कळलेल्यांनाही ते हसतात.

मी आता बहुतेक खुंटीवर असतो. रंग विटलाय. गार वारा सुटला की बाई मला गळ्यात घेतात, सैल.

तुमच्याकडेही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला चेहऱ्यावर ओढण्याआधी जरा थांबा. तो बिचारा नाही म्हणणार नाही. सांगाल ते झाकायचं, एवढंच आम्हाला येतं.