उतारावर थांबणारी हातगाडी

मित्रांनो, मी भाजीची एक हातगाडी आहे. भोपाळात मला ठेला म्हणतात. माझी चारही चाके सायकलची, सांगाडा लोखंडी आणि वर बाभळीच्या फळ्या. एकवीस वर्षांपूर्वी जहांगीराबादेतल्या एका कारागिराने मला जोडले. चाके फिरवून पाहत तो म्हणाला होता, "मक्खन चलेगी!" खरोखरच मी तशी चालत असे. थांबायचे कसे, हे मात्र त्याने मला शिकवले नाही. हातगाडीला ते कुणीच शिकवत नाही.

मला घेऊन गेल्या त्या लीलाबाई. त्या मूळच्या विदर्भाच्या सीमेवरच्या पांढुर्ण्याच्या, बोलणे वऱ्हाडी. नवऱ्याच्या मागोमाग भोपाळात आल्या, आणि तो गेल्यावर भाजी विकून त्यांनी आपल्या मंगलाला वाढवले. कोलार रोडच्या वसाहती तेव्हा नुकत्या उभ्या राहत होत्या. आम्ही दोघी रोज त्या गल्ल्यांतून फिरायचो. "मेथी घ्या, वांगी घ्या" अशी त्यांची हाक आली की मराठी घरांतल्या बायका आधी बाहेर यायच्या, मग बाकीच्या. पांढुर्ण्याची संत्री आली की मुले माझ्याभोवती गोळा व्हायची. कुणी माझ्या दांड्याला लोंबकळे, कुणी चाकाच्या तारांमधून काठी फिरवी. मला ते सारे आवडे.

त्या भागात चढउतार फार. उतारावर थांबायचे तर लीलाबाई एका हाताने मला धरून ठेवत, वाकून दुसऱ्या हाताने चाकाखाली दगड सरकवत, आणि मगच तागडी उचलत. दिवसातून तीसचाळीस वेळा तरी हे चाले.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तो दगड सरकला. लीलाबाई कोथिंबिरीची जुडी सोडवत होत्या. मी सुटले. माझ्यावर बटाट्याची दोन पोती होती आणि खाली वळणावर शाळेच्या बसची वाट पाहत मुले उभी होती. मला सारे दिसत होते, पण माझ्या हातात काहीच नव्हते. लीलाबाई धावल्या आणि मला आडव्या आल्या. मी त्यांच्या पायावर जाऊन थांबले.

मुले वाचली. लीलाबाईंच्या नडगीचे हाड मोडले. पायात सळई बसली, त्या चालू लागल्या, पण गुडघा पूर्वीसारखा वाकेना. मंगला तोवर साकेत नगरला एका दवाखान्यात कामाला लागली होती. तिने आईला निक्षून सांगितले, "आता ती गाडी नको म्हणजे नको. एकदा वाचलीस, पुरे झालं."

मला घरामागच्या भिंतीशी साखळीने बांधले. पावसाने फळ्या फुगल्या. चाकांच्या तारा गंजल्या. शेजारची शेळी माझ्यावर चढून कडुनिंबाचा पाला खाई. लीलाबाई रोज मागच्या दारात बसत. कधी माझ्याकडे बघत, कधी बघायचे टाळत. आपण कुणाला तरी इजा केली, हे ओझे बटाट्याच्या पोत्यांहून जड असते, मित्रांनो.

मग एक दिवस शमिका आली. ती बारावीत होती. तिच्या घरी लीलाबाईच भाजी देत असत. "मावशी, तुम्ही येतच नाही आताशा," असे विचारायला ती आली आणि सारी हकिगत ऐकून माझी गंजलेली चाके निरखू लागली. तिच्या शाळेत अभियांत्रिकीचा एक वर्षभराचा विषय होता. दोघांनी मिळून एका खऱ्या माणसाची एक खरी अडचण शोधायची. ती समजून घ्यायची, उपाय आखायचा, बनवायचा, तपासायचा, चुकला तर पुन्हा बनवायचा. वर्षाच्या शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर तो चालवून दाखवायचा. दुसऱ्या दिवशी तिचा जोडीदार सत्यजित आला, लीलाबाईंनी माझी साखळी सोडून दिली आणि दोघांनी मला ढकलत शाळेच्या कर्मशाळेत नेले.

तिथे यशवंत सर होते. इंद्रपुरीत राहणारे सर मोठ्या कारखान्यात तीस वर्षे फिटर होते आणि निवृत्तीनंतर मुलांना शिकवत होते. त्यांचा पहिला नियम ऐकून सत्यजितचा चेहरा पडला.

"पहिले तीन आठवडे पान्याला हात लावायचा नाही. बघायचं, विचारायचं, मोजायचं आणि वहीत लिहायचं."

"सर, टाइम वेस्ट होईल ना. ब्रेकच तर लावायचाय," सत्यजित म्हणाला.

सरांची नजर चुकवून दोघांनी चार दिवसांत मला पायाने दाबायचा ब्रेक बसवला. मीही खूश झाले. आयुष्यात पहिल्यांदा मी उतारावर कुणी न धरता, दगडाविना उभी राहिले होते! लीलाबाईंना बोलावले. त्यांनी पाय उचलला, पण सळईचा पाय तेवढा वर येईना. दुसऱ्या पायाने प्रयत्न केला तर तोल गेला आणि लुगड्याचा काठ ब्रेकच्या पट्टीत अडकून फाटला. त्या काठ सोडवत हसल्या. "चांगलं केलं बाप्पा लेकरांनी," म्हणाल्या आणि लंगडत घरी गेल्या.

सरांनी पाना उचलला आणि तो ब्रेक सोडवायला घेतला.

"पण सर, ब्रेक लागतोय की!" सत्यजित म्हणाला.

"लागतोय ना. पण ज्यांच्यासाठी केला त्यांना लावता येत नाही. मग हा ब्रेक कुणाचा?"

शमिकाचे डोळे भरून आले. त्या दिवशी तिने वहीचे नवे पान उघडले आणि वर लिहिले, "लीलामावशी कशा चालतात?"

पुढचे तीन आठवडे त्यांनी खरोखर पाना हातात घेतला नाही. लीलाबाई येत, मला रिकामीच मैदानात फिरवत. मुले त्यांच्या हाताची उंची मोजत, किती वेळा थांबतात ते टिपत. शाळेमागच्या उतारावर शमिकाने सहज विचारले, "मावशी, इथे तुम्ही गाडी किती जोरात ढकलता?"

लीलाबाईंना हसू आले. "उतारावर कोन ढकलते वं पोरी? ओढून धरतो मी. ढकलनं फक्त सपाटीवर नाही तं चढावर."

शमिका जागच्या जागी थांबली. "सत्या, ऐकलंस? चालायचं असतं तेव्हा त्या ढकलतात. थांबवायचं असतं तेव्हा ओढतात. हातांना आधीच माहीत आहे!"

मित्रांनो, त्या एका वाक्यातून माझा दुसरा जन्म झाला. आधी पुठ्ठ्याचा नमुना झाला, मग लाकडाचा, मग लोखंडाचा. माझ्या दांड्याला त्यांनी एक सरकता आडवा दांडा जोडला. तो पुढे ढकलला की तार ताणली जाते, मागच्या चाकांवरचे रबरी ठोकळे सुटतात आणि मी चालू लागते. तो मागे ओढला किंवा हात सोडले, की स्प्रिंग ठोकळे चाकांवर दाबते आणि मी थांबते. मागे न्यायचे असेल तेव्हा एक छोटी कडी अडकवायची. वाकायला नको, पाय उचलायला नको.

परीक्षेला दहा दिवस उरले असताना पूर्ण वजनाची चाचणी झाली. माझ्यावर दीडशे किलो वाळूची पोती चढवली. अर्ध्या उतारावर सत्यजितने हात सोडले. मी थांबले नाही. घसरत गेले आणि सरांनी खाली रचलेल्या जुन्या टायरांवर आदळले. एक फळी मधोमध मोडली. फळीचे मला काहीच वाटले नाही, पण पुन्हा तेच घडले होते. आता मला परत भिंतीशी बांधणार, असे वाटून मी हादरले.

"झालं, सब खतम," म्हणत सत्यजित पायरीवर बसला.

शमिका मात्र उतारावर ओणवी झाली होती. रस्त्यावर दोन काळे पट्टे उमटले होते. "इकडे ये. मागची चाकं फिरलीच नाहीत. ब्रेकने ती धरली होती. चाकं घसरली आहेत!"

सत्यजित उठला. त्याने पट्टे पाहिले, मला पाहिले, आणि एकदम कपाळावर हात मारला. "उतारावर सगळं वजन पुढच्या चाकांवर जातं यार! मागची हलकी पडतात. आपण ब्रेक चुकीच्या चाकांना लावलाय!"

सर लांबून ऐकत होते. ते फक्त एवढेच म्हणाले, "वहीत लिहा. आणि आता पाना घ्या."

ठोकळे पुढच्या चाकांवर आले, मोडलेली फळी बदलली, आणि अखेर परीक्षेचा दिवस आला. परीक्षक आले, पालक आले. मंगलाही आली, पण हाताची घडी घालून, कपाळाला आठ्या घालून. सत्यजित वाळूची पोती आणू लागला तेव्हा लीलाबाईंनी त्याला अडवले.

"वाळू कायले? वाळू कोनी विकत घेते का? भाजी भरा. अन् गाडी मी नेतो."

"आई!" मंगला पुढे आली.

"तू तिथंच थांब. मले भेव नाही."

बटाटे, कांदे, भोपळे, वर मेथीच्या जुड्या. मी पुन्हा भाजीची गाडी झाले होते. लीलाबाईंनी दांड्याला हात लावून नमस्कार केला आणि आम्ही उतारावर निघालो. त्यांनी किंचित ओढून धरले की मी हळू होई. त्यांनी ढकलले की पुढे जाई. ऐन उतारावर, जिथे मी घसरले होते तिथेच, लीलाबाईंनी दोन्ही हात उचलले.

मी थांबले. एक बोटभरही हलले नाही. वरचा एक कांदा तेवढा घरंगळत खाली गेला.

मग अशा टाळ्या वाजल्या की विचारू नका! सत्यजितने तर सरांना उचललेच. परीक्षकांनी विचारले, "मूळ कल्पना कुणाची?"

"लीलामावशींची," शमिका म्हणाली.

"माझी कशाची? मी तं फक्त चाललो," लीलाबाई म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा उजळला होता.

गर्दीतून मंगला आली. तिने मला धरले, दोन पावले नेले आणि हात सोडले. पुन्हा नेले, पुन्हा सोडले. तिसऱ्यांदा मी थांबले तेव्हा ती माझ्या दांड्यावर डोके टेकून रडली. मग डोळे पुसून आईला म्हणाली, "गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय निघायचं नाही. सांगून ठेवते."

आता आम्ही दोघी पुन्हा कोलार रोडला फिरतो. शमिका आणि सत्यजित कॉलेजात गेले, पण जाताना माझे सारे आराखडे कर्मशाळेच्या भिंतीवर लावून गेले. ज्याला हवे त्याने यावे आणि पाहून बनवावे. आजवर अकरा गाड्यांना माझ्यासारखा ब्रेक बसला आहे. उतारावर एखादी भेटली की मला बहीण भेटल्यासारखे वाटते.

मित्रांनो, तुमच्या हातून अशी काही वस्तू घडली तर ती घडवून विसरून जाऊ नका. माझ्या तारेला महिन्याला तेल लागते, रबर झिजले की बदलावे लागते. अकरावीची मुले ते आठवणीने करतात, म्हणून मी विश्वासाची राहिले आहे. आणि कुणासाठी काही बनवायला घ्याल, तेव्हा आधी त्या माणसासोबत चार पावले चाला.

आज सकाळीच एका उतरत्या गल्लीत लीलाबाई मला सोडून एका घरात चहा प्यायला गेल्या. आतून त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. मी उतारावर एकटी, भरलेली, निश्चिंत उभी होते.