उजव्या हाताचा नाला

"कॅमेरा माझा, रोल माझा, मग फोटो कुणाचा?" डार्करूमच्या दारात उभं राहून विद्याधरने विचारलं. "मोठी प्रिंट काढ. प्रदर्शनात माझं नाव लागेल."

धाकू त्याच्या मुलुंडच्या स्टुडिओत अकरा वर्षं प्रिंटा काढत होता. हा फोटो मात्र त्याने स्वतः टिपला होता. जंगलातून कान्हेरी लेण्यांकडे जाणारी जुनी पायवाट, डाव्या हाताला नाला आणि पुढे पाठमोरी चालणारी जानकी, त्याची बायको. ती जाऊन चार महिने झाले होते. तिचा दुसरा फोटो नव्हता.

"शेठ, ती जानकी आहे."

"असू दे ना. पाड्यावरची कुणी बाई, असं सांगू. जंगलात शोभतं."

विद्याधर निघून गेला. धाकूच्या डोक्यात तिडीक उठली. हा माणूस त्या वाटेवर एक पाऊल चालला नव्हता. धाकूने निगेटिव्ह उचलली, मुद्दाम उलटी केली आणि एन्लार्जरमध्ये सरकवली. नाला उजवीकडे आला. वाट माहीत असलेला कुणीतरी विचारेलच, आता तुझी जिरवतो, असं मनाशी म्हणत त्याने प्रिंट धुतली.

घाटकोपरच्या हॉलमध्ये बक्षीस द्यायला नाना आले होते. तीस वर्षं ते त्याच जंगलात वनरक्षक होते. ते फोटोपुढे थांबले.

"झकास. कान्हेरीला जातानाचा ना?"

"हो तर. पहाटेच निघालो होतो," विद्याधर म्हणाला.

"नाला कुठल्या हाताला लागला?"

विद्याधरने फोटोकडे पाहिलं. "उजव्या."

"जाताना डाव्या हाताला लागतो, साहेब. तुम्ही गेलाच नाहीत तिकडे."

लोक हसले. विद्याधरचा चेहरा पडला आणि धाकूचा जीव थंडावला. अकरा वर्षांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"मग काढला कुणी?" नानांनी विचारलं.

"मी," म्हणत धाकू पुढे झाला, आणि थबकला. जानकीचा पदर उजव्या खांद्यावरून पाठीवर पडला होता. नाल्याच्या नादात हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"ही माझी बायको," तो हळूच म्हणाला. "हिला मीच उलटं नेसवलं."

त्याने टाचण्या काढल्या, प्रिंट खिडकीशी नेली आणि कोरी बाजू आपल्याकडे करून उजेडात धरली. कागदातून अंधूक दिसत होतं. नाला डावीकडे होता, पदर डाव्या खांद्यावर होता. हात अवघडले तरी त्याने प्रिंट खाली घेतली नाही.