मान टाकणारा ट्रायपॉड

मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. मशीनवरून आलेला शाफ्ट मोजायचा आणि मापात केसाएवढा फरक दिसला तरी बाजूला काढायचा, हे काम मी बावीस वर्षं करतोय. गायखे साहेबांच्या हातून खराब माल सुटत नाही, अशी माझी कारखान्यात ख्याती आहे. ती बरीचशी मीच पसरवली आहे, हा भाग वेगळा.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मला पक्ष्यांचे फोटो काढायची हौस आली. आमच्याकडचे एक अधिकारी बदली होऊन चेन्नईला गेले. जाताना त्यांनी कॅमेरा आणि हातभर लांबीची लेन्स मला रास्त भावात दिली. दोन्ही मिळून अडीच किलोच्या वर वजन. पहिल्या दिवशी गच्चीवरून समोरच्या टाकीवरच्या पारव्यावर रोखून धरली, तर पाचव्या मिनिटाला हात असे थरथरायला लागले की माझ्या बायकोने, छायाने, चहाचा कप हातात न देता कठड्यावर ठेवला.

ट्रायपॉड घ्यायचं ठरलं. छायाने पाच हजारांची मर्यादा घातली. कॅमेऱ्याच्या खर्चाबद्दल ती एक शब्दही बोलली नव्हती, त्यामुळे मर्यादा वाढवून मागायची माझी हिंमत झाली नाही.

मग मी तीन आठवडे अभ्यास केला. रोज संध्याकाळी व्हिडिओ बघायचे आणि कॉम्प्युटरवर तक्ता भरायचा. त्यात चौदा रकाने होते. उंची, वजन, पायांचे भाग किती, मिटल्यावर लांबी किती, शेवटी शेवटी तर पिशवीचा रंगसुद्धा. तो तक्ता मी जेवणाच्या सुट्टीत सावळीरामला दाखवला. सावळीराम आमच्याकडे लेथवर आहे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्याने चष्मा पुसून सगळा वाचला आणि यात कॅमेरा हलतो का नाही ते कुठं लिहिलंय, असं विचारलं. ते गृहीत आहे, असं मी त्याला जरा वरच्या पट्टीत सांगितलं.

एम. जी. रोडवरच्या दुकानात मालकांची मुलगी वेदिका होती. पंचविशीतली, लग्नसराईत स्वतः फोटो काढायला जाणारी. तिने लेन्स कोणती आहे एवढंच विचारलं आणि आतून दोन वस्तू आणल्या. एक, नुसते ट्रायपॉडचे पाय. जाड अ‍ॅल्युमिनियमचे, काळे, जागोजागी रंग उडालेले, कुणीतरी वापरून विकलेले. आणि दुसरं, त्यावर बसवायचं वेगळं हेड, मुठीएवढं, आत धातूचा गोळा असलेलं. एक खटका घट्ट केला की कॅमेरा आहे तिथे थांबणार. दोन्ही मिळून पाच हजारांच्या आतच बसत होतं. वरचं हेड पुढे कधी बदलावंसं वाटलं तर पाय तेच चालतील, असंही तिने समजावलं.

पण ते पाय पूर्ण उघडूनही माझ्या छातीच्या खालीच राहत होते. माझी उंची पाच फूट दहा इंच. मला सारखं वाकावं लागेल, असं मी म्हणालो.

“काका, वाकल्याने फोटो बिघडत नाही,” वेदिका म्हणाली. “हलल्याने बिघडतो.”

जुना माल गळ्यात मारायचं बघतेय, असं मला वाटलं. कारण तोवर माझी नजर काचेच्या कपाटात गेली होती. तिथे एक राखाडी, उंच ट्रायपॉड उभा होता. सांध्यांना नारिंगी कडी, हेड आधीच जोडलेलं, त्याला लांब दांडी, आणि मुख्य म्हणजे पातळी बघायला पाण्याचे बुडबुडे, तेही तीन. मोजमापाच्या माणसाला आणखी काय हवं? एका बोटाने उचलला गेला. तक्त्यातल्या चौदापैकी बारा गोष्टी त्यात होत्या. खोक्यावर ‘पाच किलो पेलतो’ असं छापलेलं होतं. पुरवठादाराच्या सर्टिफिकेटवर मी आजवर कधी विश्वास ठेवलेला नाही, पण खोक्यावर ठेवला. घ्यायच्या आधी कॅमेरा लावून बघा, असं वेदिकाने दोनदा सुचवलं. कॅमेरा घरी कपाटात होता. गरज नाही, मी म्हणालो आणि पैसे दिले.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलो. छाया ऊन खायला म्हणून बरोबर आली. चापडगावचा सहादू तिथे लोकांना पक्षी दाखवतो, त्याला सोबत घेतलं. बांधावर मी ट्रायपॉडचे तिन्ही पाय पूर्ण ताणले, मधला दांडाही वर काढला आणि बुडबुडे मधोमध आणायला बसलो. त्यात दहा मिनिटं गेली. तेवढ्यात डोक्यावरून ससाण्यासारखं काहीतरी गेलं, असं मला नंतर कळलं.

पाण्याच्या कडेला चित्रबलाकांचा थवा उभा होता. मी लेन्स रोखली, दांडी पिळून घट्ट केली आणि हात काढला. लेन्स हळूहळू खाली झुकायला लागली. आधी चित्रबलाक वरून निघून गेले, मग पाणी दिसलं, मग गवत, आणि शेवटी माझेच बूट.

“साहेब, यानं तं मान टाकली,” सहादू म्हणाला.

मी दांडी आणखी पिळली. तिच्यातून करकर आवाज आला, पण मान काही ताठ झाली नाही. मग मी युक्ती काढली. लेन्स मुद्दाम आकाशात रोखायची, हात सोडायचा आणि ती खाली येताना पक्षी समोरून जाईल त्या क्षणी बटण दाबायचं. अशा रीतीने मी तीनशे चाळीस फोटो काढले. आज वारा फार आहे, असं मी छायाला सांगितलं. तिचा पदरसुद्धा हलत नव्हता. तिने थर्मासमधून चहा ओतून दिला.

घरी येऊन बघतो तर प्रत्येक पक्ष्याला दोन चोची. मी चेन्नईच्या साहेबांना कळवलं की लेन्समध्ये दोष दिसतोय. त्यांनी त्याच लेन्सने काढलेला खंड्याचा फोटो पाठवला. पीसन् पीस मोजता येत होतं. खाली एकच प्रश्न होता, ट्रायपॉड कोणता?

शनिवारी परवानगी काढून मी ट्रायपॉड आणि कॅमेरा कारखान्यात नेला. टेबलावर उभा केला, लेन्सच्या टोकाखाली डायल गेज लावला. केसाच्या जाडीचा फरकही त्याच्या काट्याला कळतो. मी हात काढून उभा राहिलो. काटा फिरायला लागला. एक फेरा, दोन फेरे, पाच. पुढे गेजची हद्दच संपली.

सावळीराम हात पुसत बाजूला येऊन उभा होता. “साहेब, हा आपल्या मशीनवरचा जॉब असता तं काय केलं असतं तुम्ही?”

“रिजेक्ट,” मी म्हणालो.

तो मान हलवून मशीनवर गेला. सोमवारी माझ्या खुर्चीला कुणीतरी रिजेक्ट मालाचं लाल लेबल बांधून ठेवलेलं होतं. माझ्याच सहीचं, जुनं.

आता छायाला सांगणं आलं. मी जेवताना सगळं सांगून टाकलं, डायल गेजसकट. तिला नांदूरलाच कळलं होतं म्हणे. मग तेव्हाच का नाही बोललीस, असं मी विचारलं.

“तुम्ही तीन आठवडे अभ्यास केला होता,” ती म्हणाली.

दुकानात जाताना मी एक गोष्ट रचून ठेवली होती, की मित्राला ट्रायपॉड हवाय. मित्राची लेन्स कोणती, असं वेदिकाने विचारलं. तीच, मी म्हणालो. ती खाली बघत बिलबुक सारखं करत राहिली, तेव्हा मला खरं सांगावं लागलं. ती हसली नाही. मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्यांना तो राखाडी ट्रायपॉड चालेल, म्हणून तिने तो अर्ध्या किमतीत ठेवून घेतला. ते जुने पाय अजून तिथेच होते. सगळ्यांना ते बुटके वाटत होते.

या वेळी कॅमेरा बरोबर नेला होता. पाय पूर्ण उघडून वरून दोन्ही हातांनी भार दिला. ते सरकले नाहीत. वर तेच हेड बसवून लेन्स लावली, खटका घट्ट केला, हात काढला. ती जिथल्या तिथे राहिली. वेदिकाने लेन्सच्या टोकाला बोटाने टिचकी मारून कॅमेऱ्याच्या पडद्यावर थरथर किती वेळात थांबते ते दाखवलं. लगेच थांबली. एवढी साधी तपासणी माझ्या तक्त्यात कुठेच नव्हती.

फेब्रुवारीत पुन्हा नांदूर. नव्या ट्रायपॉडवर मी अर्धा तास वाकून उभा राहिलो आणि मग कमरेत अशी चमक भरली की सरळ होता येईना. सहादूने मला धरून बांधावर आडवं केलं. छाया घाबरून आली, तिने बघितलं, बाम लावला, आणि मी बरा आहे म्हटल्यावर ती कॅमेऱ्याकडे वळली. ती माझ्या खांद्याच्याही खाली, तिला वाकावं लागलं नाही. समोर उथळ पाण्यात एक राखी बगळा उभा होता. मी पडल्या पडल्या सूचना द्यायला लागलो. तिने मागे न बघता हाताने मला गप्प केलं.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग एकच आवाज आला, बटणाचा.

फोटोत बगळ्याच्या चोचीत मासा आहे आणि माशाच्या शेपटीवरून गळणारे थेंब वेगवेगळे दिसतात. बाईंचा हात लय स्थिर हाय, असं सहादू म्हणाला. स्थिर ट्रायपॉड आहे, मी खालून सांगितलं. दोघांनीही ते ऐकलं नाही.

मखमलाबादला सासूबाईंनी तो फोटो मोठा करून बैठकीत लावला आहे. येणारे जाणारे जावईबापूंनी काढला का, असं विचारतात आणि सासूबाई घाईने नाही म्हणतात. रविवारी पहाटे आता छाया मला उठवते. ट्रायपॉड मी उचलतो, कमरेला पट्टा बांधून. तिला आता पाण्याजवळ बसून फोटो काढायला लपण्याचा छोटा तंबू हवाय. मी लॅपटॉप उघडून नवा तक्ता सुरू केला होता. तिने तो बंद केला. उद्या दुकानात ती एकटीच जाणार आहे.