खाचरातला खड्डा

मला नाक नाही, म्हणून मला वास येत नाही असं कुणी समजू नये. मी घमेलं बोलतोय. लोखंडी, दोन कानांचं, बुडाला पोचे आलेलं. ज्याला जे नको होतं ते त्यानं आयुष्यभर माझ्यात टाकलं आणि तोंड फिरवलं. तेव्हा माणसांविषयी मी फार गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. कामशेतच्या एका दुकानात दोरीला टांगलेला होतो, तिथून माझी आठवण सुरू होते. रखमाजीनं मला खाली काढलं, टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाला, "ह्याच्यात माती आन दगूड सोडून काय बी जाणार न्हाई." दुकानदार हसला. घमेल्यासाठी पण करणारं गिऱ्हाईक त्यानं पहिल्यांदाच पाहिलं असावं.

त्या बोलण्याला कारण होतं. रखमाजीनं कुसगावच्या एका हॉटेलात तीस वर्षं खोल्या साफ केल्या होत्या. सुट्टीला निघालेली माणसं लाज घरीच ठेवून येतात, हे त्यानं रोज पाहिलं होतं. चादरीवरची ओकारी, मोरीतले केसांचे गुंते, कुंडीतल्या पिचकाऱ्या. इस्त्रीच्या कपड्यातले साहेब संडासात पाणी ओतायलाही विसरत. नोकरी संपली त्या दिवशी त्यानं बायकोला, बयाबाईला सांगितलं, "आता दुसऱ्याची घाण उचलायची न्हाई. मरंस्तवर न्हाई."

बेडशाच्या पुढं, धरणाच्या काठावर त्यांचं घर. दोन खोल्या, वर पत्रा. मागं परस म्हणायला एक उतार होता. मुरूम, काटेरी झुडपं आणि पाण्यानं आणून टाकलेल्या चिंध्या. तो उतार रखमाजीनं एकट्यानं सुधारायला घेतला. रोज संध्याकाळी दहा घमेली, असा नेम धरला. त्या दहात मीच दहा वेळा असायचो, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. मातीचा वास मला आवडतो.

पहिल्या वर्षी त्यानं उताराला दगडांचा बांध घातला आणि वरचा टप्पा सपाट केला. तिथं धुण्याचा दगड बसवला, मोरीचं पाणी अळूकडं वळवलं. दुसऱ्या वर्षी लिंबू, हळद, शेवगा. मग पाण्याकडं उतरणाऱ्या पायऱ्या. कडेला हॉटेलातल्यासारख्या तिरप्या विटा लावून त्यानं त्यांना गेरू फासला, तेव्हा बयाबाई म्हणाली, "हाटील सुटलं, पर हाटिलाची खोड काय सुटत न्हाई." बोलली खरी, पण धुणं झालं की ती तिथंच पाय सोडून बसायची. उभ्या जन्मात तिला बसायला अशी जागा कुणी करून दिली नव्हती.

आता रखमाजीच्या वेडाची गोष्ट. पायऱ्या जिथं संपतात, तिथून खाली त्याच्या बापाचं भाताचं खाचर होतं. धरण झालं आणि खाचर पाण्यात गेलं. पण चैत्र-वैशाखात पाणी ओसरलं की खाचराचे बांध उघडे पडतात. रखमाजी दरवर्षी तिथं जाऊन उभा राहायचा. काकडी लावायचा, बांधाचे ढासळलेले दगड परत रचायचा. श्रावणात पाणी चढायचं आणि सगळं गिळायचं. पुढच्या वर्षी हा पुन्हा मला घेऊन हजर. या काठावरच्या किती घरांना ही खोड आहे म्हणून सांगू. जमीन सरकारची झाली हे कागदाला पटलं, यांना नाही.

पाचव्या वर्षी सत्यम, त्यांचा मुलगा, घरी आला. तळेगावच्या कंपनीतलं त्याचं काम सुटलं होतं. त्यानं परस पाहिलं आणि त्याचे डोळे चकाकले. "आबा, जागा लय भारी केलीय. चार तंबू आरामात बसत्यात." रखमाजी काही बोलला नाही. पोरगा रिकामा बसण्यापेक्षा बरं, असं त्यानं मनाशी म्हटलं असेल. त्याचं ते गप्प बसणं मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

सत्यमनं तंबू भाड्यानं द्यायला काढले, आणि शनिवार आला की शहरातून गाड्या यायच्या. मला शेकोटीला बसवलं. निखाऱ्यात कोंबडीची हाडं, बाटल्यांची बुचं, सिगारेटची थोटकं, आणि एकदा तर बाळाचा भरलेला लंगोट. तो जळत नव्हता, नुसता धुमसत होता, आणि भोवती बसलेली माणसं त्या धुरावर हात शेकत गाणी म्हणत होती. सोमवारी रखमाजी मला पाण्याकाठी नेऊन राखेनं घासायचा. हात असा चालायचा की माझंच कातडं निघेल.

माणसं आली की पोटंही आली. रात्रीत लिंबाच्या बुडाशी, शेवग्याच्या मागं, अळूच्या पानाखाली जे काही ठेवलं जायचं, ते सकाळी पहिलं बयाबाईच्या पायाला लागायचं. "पाहुण्यांसाठी संडास बांधतो," सत्यम म्हणाला. भांडं आलं, पत्र्याचा आडोसा उभा राहिला. खड्डा कुठं घ्यायचा? घराजवळ सगळा कातळ. खाली खाचरात मऊ गाळ.

"तितं पाणी चढतं," बयाबाई म्हणाली.

"दोन वर्सं खाचराच्या वरच्या कोपऱ्यापातुर आलंय का?" रखमाजी म्हणाला. "आन ते आपलंच खाचर हाय. परक्याच्यात न्हाई खणत मी."

दोन वर्षं पाऊस आखडता होता, एवढीच त्या कोपऱ्याची पुण्याई. पण सत्यमची घाई आणि रखमाजीचं वेड एकाच जागी येऊन मिळालं. खड्डा रखमाजीनं स्वतः खणला. गाळ माझ्यातूनच वर आला. बापाची जमीन अखेर कामाला आली याचा त्याला आनंद झाला होता, आणि तो आनंद बघून मला शिसारी आली. ज्या मातीतून बापानं भात पिकवला, तिच्यात हा गावोगावच्या पोटांची घाण साठवायला निघाला होता, आणि पुन्हा 'आपलं' म्हणत होता.

श्रावणात सलग चार दिवस पावसानं झोडपलं. पाचव्या दिवशी सकाळी बयाबाई मोरीचं दार उघडून मागं गेली आणि तिथंच नाकाला पदर लावून उभी राहिली. पाणी खाचर ओलांडून पायऱ्यांपर्यंत चढलं होतं. खड्ड्यावरची फरशी सरकली होती. आत जे साठलं होतं ते सगळं वर येऊन पायऱ्यांशी, गेरूच्या विटांशी, अळूच्या देठांशी हळूहळू डुलत होतं.

रखमाजीनं लेंगा गुडघ्यापर्यंत खोचला, मला उचललं आणि पाण्यात उतरला. हॉटेलात निदान हातमोजे मिळायचे. इथं तो उघड्या हातानं माझ्यात भरत होता, वर नेऊन दूर खणलेल्या चरात ओतत होता. सगळं हाताला येत नव्हतं. बरंचसं पाण्यात विरघळलं आणि पाण्याबरोबर गेलं. दुपारी तो दगडावर बसला आणि ओकला. मला त्याची कीव आली, आणि खरं सांगतो, किळसही आली.

सत्यमनं फिनेल ओतलं, पांढरी पावडर फेकली, संडासाला कुलूप लावलं. "शनिवारी पंधरा ऑगस्टची मान्सं यायची हायती. पाणी हाताभर उतरलंय. कुणाला कळत न्हाई."

खरंच कुणाला कळलं नाही. शनिवारी माणसं आली. पाणी निळं दिसत होतं, डोंगरावरून ढग उतरत होते, सगळ्यांनी फोटो काढले. रविवारी सकाळी सात-आठ वर्षांची एक मुलगी ब्रश घेऊन पायऱ्या उतरली. शेवटच्या पायरीवर उकिडवी बसली, ओंजळ बुडवली आणि तोंडाशी नेली.

"बाळ, थुक ते," रखमाजी ओरडला. मी त्याच्या हातात होतो, तो खाली पडलो. मुलगी घाबरून रडायला लागली. तिची आई धावत आली, इतर माणसं तंबूतून बाहेर आली, आणि सत्यम डोळ्यांनी बापाला गप्प बसायला सांगू लागला.

रखमाजी त्याच्याकडं न बघता म्हणाला, "ताई, ह्या पाण्यात आमच्या संडासाची घाण हाय. चार दिसांखाली खड्डा फुटला. तिचं तोंड बाटलीच्या पाण्यानं धुवा. आन तुमी समदी घरी जावा."

मग जे व्हायचं ते झालं. शिव्या झाल्या, गाड्यांची दारं आपटली. आई मुलीचं तोंड पुनःपुन्हा धूत राहिली. अर्ध्या तासात परस मोकळं झालं.

"झाकली मूठ ऱ्हायली असती, आबा," सत्यम म्हणाला. "आपलीच घाण आपल्याच तोंडानं चव्हाट्यावर मांडली तुमी."

"मी फकस्त सांगितलं," रखमाजी म्हणाला. "मांडली तर आपण पाण्यात व्हती. ह्येच पाणी खाली आख्खं शहर पितं."

सत्यम त्या दिवसापासून बापाशी बोलत नाही. त्याचे तंबू आता पलीकडच्या काठावर दुसऱ्याच्या जागेत आहेत. तिथलाही संडास पाण्यापासून दहा पावलांवर आहे. परवा वारा तिकडून आला तेव्हा बयाबाई धुणं टाकून घरात गेली. रखमाजी पाण्याकाठी बराच वेळ उभा राहिला. हाक मारली तर पलीकडं पोचत नाही, आणि पोचली तरी पोरगा ऐकणार नाही.

माझ्या बुडाला भोक पडलंय. बारीक माती गळते, दगड तेवढे राहतात. मला आता फार दिवस नाहीत, त्याचं दुःखही नाही. जाता जाता तुम्हाला एकच सांगतो. कुठल्याही पाण्याकाठी मुक्कामाला गेलात की ढगांचे फोटो काढण्याआधी जागेच्या मालकाला विचारा, संडासाचा खड्डा कुठं आहे. त्याला बोट दाखवायला जड गेलं, तर लेकराचा हात धरा आणि पाण्याकडं जाऊ देऊ नका. प्रत्येक काठावर रखमाजी उभा नसतो.