सिद्धूच्या अंगातला देव

देवबिव मी मानत नाही, आणि औषधावरही आता पूर्वीसारखा विश्वास राहिलेला नाही. बारामतीत डॉक्टर दातारांच्या दवाखान्यात मी अठरा वर्षं कंपौंडर होतो. जीभ पहिल्यापासून तिखट. पेशंटनं तीच गोष्ट दुसऱ्यांदा विचारली की माझं डोकं फिरायचं. सत्तावन्न साली एका दुपारी मी जरा कमी खेकसलो असतो, तर तात्याबा आज जिवंत असता.

सिद्धू इंदापूरकडच्या एका वाडीतला मेंढपाळ. पोटाच्या दुखण्यानं वर्षभर बेजार होता, दिवसातून पंधरा वेळा रक्त पडायचं. त्याची बायको भामाबाई आणि थोरला भाऊ तात्याबा त्याला बैलगाडीत घालून घेऊन आले, तेव्हा गाडीत माणूस आहे की नुसती घोंगडी, हे मला वाकून बघावं लागलं. आतड्यांना सूज आहे, जखमा आहेत, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी पुण्याहून कॉर्टिझोनच्या नव्या गोळ्या मागवल्या.

"जोतीराम, हिला नीट समजावून सांग," डॉक्टर मला म्हणाले. "या गोळ्यांनी क्वचित एखाद्याचं डोकं बिघडतं. झोप उडाली, बडबड वाढली, तर त्याच दिवशी इथं यायचं. आणि आपल्या मनानं गोळ्या बंद करायच्या नाहीत."

मी सांगितलं. भामाबाईनं पुडी पदराच्या गाठीत बांधली, आणि माझा शब्द न् शब्द लक्षात ठेवला. लक्षात राहिलं नाही ते माझ्या.

तेराव्या दिवशी दुपारी ती एकटीच आली. डॉक्टर पुण्याला गेले होते आणि मी नुकताच डबा उघडला होता. तिच्या खांद्यावर नवी कोरी घोंगडी होती, माझ्यासाठी आणलेली.

"दादा, रगत थांबलं," ती म्हणाली. "चार-चार भाकरी खातोय. त्वांड गरगरीत झालंय. पर आठ दिस झालं, डोळ्याला डोळा न्हाय. बिरोबा माझ्यासंगं बोलतो म्हणतोय. समदी वाडी त्येच्या पाया पडतीया. उद्या जत्रंत त्येच्या हातात देवाची तलवार देणार हायती. मला लई भ्या वाटतंय."

"मरायला टेकलेला माणूस उठून जेवतोय, आणि तुला भीती वाटते?" मी खेकसलो. "बरं झालेलंही सोसत नाही तुम्हाला. गोळ्या चालू ठेव. जा."

ती घोंगडी टेबलावर ठेवून निघून गेली. मी जेवलो.

संध्याकाळी डॉक्टरांनी घोंगडी पाहिली, कुणी दिली ते विचारलं. मी सांगत गेलो तसा त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. "गाढवा, मी तुला काय सांगितलं होतं?" एवढंच ते बोलले. सकाळी त्यांच्या मोटारीतून आम्ही निघालो. घोंगडी परत द्यायची म्हणून मी ती खांद्यावर टाकली होती.

भवानीनगर सोडल्यावर रस्ता कसला, नुसती चाकोरी. वाडीत पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि ढोल चालू होते. ज्याच्या अंगात देव येतो तो उघड्या अंगानं नाचतो आणि तलवार आपल्याच पोटावर मारून घेतो. देवाच्या माणसाला पातं कापत नाही, अशी त्या लोकांची श्रद्धा. खरं म्हणजे वर्षानुवर्षं नाचून मनगट शिकलेलं असतं, म्हणून कापत नाही. सिद्धूनं जन्मात काठीशिवाय काही धरलं नव्हतं. आणि अंगात देव असलेल्या माणसाला कुणी हात लावायचा नाही, हा तिथला कडक नियम.

सिद्धूच्या पोटावर तीन आडव्या चिरा पडल्या होत्या. भंडारा उधळला जात होता आणि रक्तावर बसून त्याचा चिखल होत होता. "चांगभलं!" लोक ओरडत होते. सिद्धूचे डोळे लाल झाले होते, तोंडाला फेस होता. "मेंढरांत लांडगा शिरलाय! मला वास येतोय!" तो किंचाळत होता.

"तो देव नाही! माझ्या गोळ्या आहेत त्या! धरा त्याला!" मी बोंबललो.

धरलं ते मला. पहिली लाथ कमरेत बसली, दुसरी तोंडावर. दात पडला. डॉक्टर मध्ये पडले तर त्यांनाही ढकललं. जमिनीवर पडल्या पडल्या मी पाहिलं, एकटा तात्याबा नियम मोडून पुढं झाला.

"सिद्ध्या, म्या हाय रं! तात्या हाय तुजा!"

सिद्धूनं वळून घाव घातला. पहिला खांद्यावर. तात्याबानं तरी त्याला सोडलं नाही. दुसरा मानेवर बसला. ढोल थांबले. कुणीही जागचं हललं नाही, आणि तिसरा घाव पडला.

तेव्हा भामाबाईनं माझ्या खांद्यावरची घोंगडी ओढली. माजलेल्या एडक्याला धरताना टाकतात तशी ती सिद्धूच्या डोक्यावर टाकली आणि स्वतः त्याच्या अंगावर पडली. तलवारीचं पातं तिनं उघड्या हातानं धरलं. दोन बोटं तिथंच तुटून पडली. मग कुठं माणसं धावली.

फौजदार आला. अख्खी वाडी एका सुरात म्हणाली, तलवार खेळताना तोल गेला. डॉक्टरांनी गोळ्यांचं सांगितलं, ते त्यानं लिहूनही घेतलं नाही. गोळ्या एकदम तोडल्या तर माणूस जातो, म्हणून डॉक्टरांनी त्या महिनाभरात हळूहळू उतरवल्या. सिद्धू भानावर आला. देवानं भाऊ मागून घेतला, असं वाडीनं त्याला सांगितलं. त्यानं ते मानलं.

पुढच्या वर्षी रक्त पुन्हा सुरू झालं. सिद्धू माझ्या टेबलापुढं येऊन उभा राहिला. मागं भामाबाई, हात पदराखाली झाकलेला.

"त्याच गोळ्या द्या," तो म्हणाला. "भावाला देवानं नेलं, पर मला तुमच्या गोळीनं जगवलं. तुमचं उपकार हायती."

भामाबाईनं त्याच्या पाठीमागून मान हलवली. सांगू नका. मला तिचं कळलं. देवाच्या नावावर तो जगत होता. पण कारण न सांगता मी नुसतं नाही म्हटलं तर तो पुण्याहून त्या गोळ्या आणेल. मग तलवार नसेल, कोयता असेल, आणि पुढं भामाबाई असेल.

"देव नव्हता, सिद्धू," मी म्हणालो. "गोळीनं तुझं डोकं बिघडलं होतं. तुझी बायको मला आदल्या दिवशी सांगायला आली होती. मी तिला हाकलून दिलं."

तो भामाबाईकडं वळला. तिनं मान खाली घातली.

"मंजी तात्याला म्या मारला?"

मी हो म्हणालो.

त्यानं माझ्या कानाखाली अशी मारली की मी बाटल्यांच्या कपाटावर जाऊन आदळलो. काचा फुटल्या, कानातून रक्त आलं. त्याचं मनगट शांत होतं, डोळे स्वच्छ होते. त्या वेळी त्याच्या अंगात देव नव्हता, गोळीही नव्हती.

त्या कानानं मला अजून ऐकू येत नाही.